पायाळू बाईची कंबर

मी पायाळू आहे. जन्माला येताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, त्रास झाला तो आईला. पण आमच्या भागात पायाळू माणसाला कंबरेचा डॉक्टर समजतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली, वाकता येईना, की तो सकाळी तोंड धुऊन माझ्या दारात हजर. त्याने भिंतीला हात टेकून पाठमोरं उभं राहायचं, मी उजव्या पायाने त्याच्या कंबरेला तीन वेळा लाथ मारायची आणि त्याने मागे न बघता घरी जायचं. लाथ म्हणजे नुसता पाय लावणं, पण म्हणायचं लाथच. जाताना मी सांगायची, तीन दिवसांत उतरंल.

लग्न होऊन डोंगरकडा गावात आले तेव्हापासून, म्हणजे वीस-बावीस वर्षं मी हे करत होते. मास्तरांना लाथ मारली, पुढाऱ्यांना मारली, सासऱ्यांना तर दर पेरणीला. सासऱ्याला लाथ मारायची मुभा असलेली सून पंचक्रोशीत ही एकटीच, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

आता स्वतःच्या कंबरेबद्दल लिहिते आहे. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, काकू लिहा, दुसऱ्यांना उपयोग होईल. उपयोग होईल की नाही मला माहीत नाही. मला राग आलेला आहे आणि तो कुठेतरी काढायचा आहे, हे त्याहून खरं कारण.

काही उचललं नव्हतं

मी ब्लाऊज शिवते. रस्त्याला लागून घर आहे, पुढच्या खोलीत दुकान, दुकानात पायमशीन. ऐन लग्नसराईत, दिवसाचे दहा-दहा तास मशीनवर बसलेली असताना, एक बॉबिन खाली पडली म्हणून मी वाकले आणि तशीच राहिले. पुढे सगळे विचारत राहिले, काय उचललं होतंस? पोतं? हंडा? गॅसची टाकी? बॉबिन म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही. एवढ्याशा गोष्टीने कंबर जाते म्हणजे बाईच नाजूक, असा त्यांचा चेहरा व्हायचा.

पहिले चार दिवस नुसती कंबर दुखली. मग दुखणं खाली सरकायला लागलं. कुल्ल्यातून मांडीच्या बाजूने, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. खोकलं तरी कळ, शिंकलं तरी कळ. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फार झोपून राहू नका म्हणाले, थोडं थोडं चाला म्हणाले. पाय बधिर वाटला किंवा ताकद कमी वाटली तर लगेच या, हेही म्हणाले होते. माझ्या लेकीने नंतर त्यांना विचारलं, तेव्हा कळलं की हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी गोळ्यांचा कागद नीट घडी करून घेतला आणि बाकीचं तिथेच सोडून आले.

घरी यायच्या आधी सल्ले घरी पोचलेले होते. मिठाचा शेक घे. एरंडाचं पान बांध. फळीवर झोप. फळीवर अजिबात झोपू नको. कंबरेला पट्टा लाव. पट्ट्यानं कंबर कायमची कमजोर होती. मी सगळं केलं, एकाच आठवड्यात, एकमेकांच्या विरुद्ध असलेलंसुद्धा.

आमच्या ह्यांचं केळीचं रान आहे आणि त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आहे. लेक पूनम नांदेडला फार्मसी शिकते. तिने फोनवर सांगितलं, बाबा, आईचा एमआरआय काढायचा. हे म्हणाले, "बघू." माझ्या दुखण्यात मला कळांचा जितका राग आला तितकाच या शब्दाचा आला.

पण पुढची चूक त्यांची नाही. ती माझी, एकटीची.

पायाळूला पायाळू

स्वतःची लाथ स्वतःच्या कंबरेपर्यंत पोचत नाही, नाहीतर मी तेही करून पाहिलं असतं. म्हणून मीच म्हणाले, दुसरा पायाळू शोधा. वसमतच्या पुढे एका गावात बापूराव नावाचे एक जण होते, तरुणपणी कुस्त्या खेळलेले. पूनमला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडली. मी तिला म्हणाले, "एवढे दिवस तुझ्या आईनं लोकायला बरं केलं, ते काय पुस्तक वाचून?" तिने फोन ठेवून दिला. मी वाद जिंकले.

एसटीने गेलो. बसता येईना म्हणून मी वसमतपर्यंत दांडीला लोंबकळून उभी होते आणि लोक मला जागा द्यायला उठत होते. नको म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं.

बापूरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी सोता पायाळू हाव म्हणता?"

"व्हय."

"मंग नुसतं टेकवून भागणार न्हाई. पायाळूला पायाळूची जरा जोरात द्यावी लागती. तुमच्या अंगात बी तेच हाय ना."

मला हे पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी ते मला अगदी बराबर वाटलं. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. पहिली लाथ सहन झाली. दुसरीला डोळ्यांत पाणी आलं. तिसरी बसली तेव्हा कंबरेपासून अंगठ्यापर्यंत विजेचा झटका गेला आणि मी खाली बसले.

"निघालं बघा," बापूराव म्हणाले.

"व्हय, निघालं," मी म्हणाले. हे बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी पायातली कळ कमी झाली. त्यानंतर तर जवळजवळ गेलीच. किती आनंद झाला म्हणून सांगू. ह्यांनी रानातून केळीची फणी आणून बापूरावांकडे कुणाच्या तरी हाती पाठवली. मी पूनमला फोन करून मुद्दाम सांगितलं, बघ, बिना एमआरआयची बरी झाले.

चप्पल

आठवडाभराने दळण आणायला गिरणीवर गेले. परत येताना शेजारच्या कमलने हाक मारली, "काकू, एका पायात चप्पल न्हाई तुमच्या." खाली पाहिलं, तर उजवा पाय अनवाणी. चप्पल कुठे गळली, मला पत्ता नव्हता. खालच्या खड्यांचाही पत्ता नव्हता. कमल हसली, मीही हसले, मागे जाऊन चप्पल शोधून आणली. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि पलंगावर बसून पाऊल वर उचलायला गेले. पाऊल जागेवरच. डावं वर येत होतं, उजव्याला सांगूनही कळत नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. दुसरं काही असतं तर सांगितलं असतं. पण पाय, आणि तोही उजवा, ज्याच्यासाठी लोक दारात रांगा लावायचे. मी मागून पट्टा असलेल्या सँडल घेतल्या आणि उंबरा ओलांडताना पाय जरा जास्त उचलायला लागले. तेरा दिवस मी ही नाटकं केली.

पूनम सुट्टीला आली तेव्हा मी मशीनवर होते. पायमशीनचं असं असतं की टाच आणि चवडा आळीपाळीने दाबला गेला पाहिजे. ताल चुकला की चाक उलटं फिरतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. माझं चाक दर दोन मिनिटांनी उलटं फिरत होतं. तिने दारातून ते पाहिलं, आत आली आणि म्हणाली, "आई, ऊठ. टाचांवर चालून दाखव."

मी चालून दाखवलं. डावी टाच टिकली. उजवा पाय फटकन् सपाट पडला.

या खेपेला ह्यांनी "बघू" म्हणायला तोंड उघडलं आणि पूनमने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गाडी सांगायला गेले.

फोटो

नांदेडला एमआरआय झाला. त्या नळीत अर्धा तास हलायचं नसतं आणि कानाशी ठोकाठोक चालू असते. मला भीती वाटली नाही, संताप आला. मी आतमध्ये सगळ्यांची नावं घेऊन मनातल्या मनात भांडत होते. बापूरावांपासून सुरू केलं, ह्यांच्यावर आले आणि शेवटी स्वतःपाशी येऊन थांबले.

मणक्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, खालून दुसरी गादी मागे सरकून पायाच्या शिरेवर बसली आहे, असं त्यांनी सांगितलं. मग सुई घेऊन अंगठ्याच्या बेचक्यात टोचत विचारलं, टोचतंय का? मला टोचणारी सुई दिसत होती, लागत नव्हती.

"लघवीला काही त्रास? कळत नाही, अडकते, असं काही?"

"न्हाई."

"ते बरं आहे. मध्ये कुणी चोळलं, दाबलं?"

मी छताकडे पाहिलं. पूनमने सगळं सांगितलं, माझ्या वीस वर्षांच्या धंद्यासकट. डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, म्हणून मला जास्त टोचलं.

ते म्हणाले, "लाथेनं सरकली की आधीच सरकली होती, हे मी सांगू शकत नाही. कंबरेची बहुतेक दुखणी काही दिवसांत आपोआपच बरी होतात, काकू. थोडं चालणं, गोळ्या, व्यायाम, एवढंच लागतं. तुमच्याकडे येणारेही बरे व्हायचे ते त्याच्यामुळे."

म्हणजे मी बरं करत नव्हते. तीन दिवस जात होते आणि नाव माझं होत होतं. मला खरं सांगायचं तर पायाच्या बातमीइतकंच हेही लागलं.

"पण तिसऱ्या दिवशी माझी कळ गेली होती," मी म्हणाले.

"कळ गेली आणि ताकदही गेली. ते बरं होणं नव्हे. शीर इतकी दबली की दुखायचीही थांबली होती. तेव्हाच यायला पाहिजे होतं."

ऑपरेशन करावं लागेल, लवकर, आणि तरी पाय पूर्ण येईल याची खात्री नाही. किती येईल? सांगता येत नाही. कधी येईल? महिने लागतील. मी चिडून म्हणाले, काहीतरी एक पक्कं सांगा. ते म्हणाले, उशीर केला तर येणार नाही, एवढं पक्कं.

वॉर्ड

मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला, हे आमच्याकडे लहान लेकराला पण माहीत असतं. नातेवाईक भेटायला आले ते जवळजवळ शेवटचं भेटायला आले. ह्यांचे मोठे भाऊ तर माझ्या उशाशी बसून कुणाकुणाचं ऑपरेशन फसलं त्याची यादी सांगत होते. ह्यांनी त्यांना चहाला म्हणून बाहेर नेलं आणि परत आणलं नाही. लग्नानंतर ह्यांनी माझ्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट असेल.

शेजारच्या खाटेवर तांड्यावरच्या झमकूबाई होत्या, सत्तरीच्या. पाण्याची कळशी उचलताना त्यांचा मणकाच दबला होता. हाडं ठिसूळ झाली होती. त्यांना ऑपरेशन नव्हतं, पट्टा, गोळ्या आणि हाडांचं इंजेक्शन. त्याचाच त्यांना राग होता.

"तुला कापून तरी राहिले," त्या म्हणायच्या. "मला नुसतं म्हणतेत, आजी हळू चाला. ते तर मी घरी बी चालत होते."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्या पट्टा बांधून, खाट धरत धरत माझ्यापाशी आल्या आणि माझा उजवा पाय मांडीवर घेऊन बसल्या. मला त्यांचा हात कळत नव्हता. मी तसं सांगितलं.

"तुला कळू नको," त्या म्हणाल्या. "मला कळून राहिला ना."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला उभं करून चालवलं, तेव्हा ह्यांचे भाऊ पाहायला नव्हते याचं मला वाईट वाटलं. कंबर टाक्यांपुरती दुखत होती. पाय होता तसाच लोंबत होता.

अर्धा

त्यानंतरचे महिने कुणी विचारू नयेत. ऑपरेशनपर्यंत सगळे सोबत असतात, पाऊल वर उचलायचा व्यायाम मात्र एकटीने करायचा असतो. टॉवेल पायाच्या बोटांनी ओढा. रबर लावून पाऊल ताणा. पाऊल नजरेनं पाहा आणि मनातून उचला. मी अंगठ्याकडे पाहत बसायची आणि अंगठा माझ्याकडे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. चालताना पाऊल वर धरून ठेवायला प्लास्टिकची पट्टी दिली, ती साडीखाली दिसायची नाही, पण माझ्या चालण्यात दिसायची.

चिडचिड सगळी ह्यांच्यावर निघायची. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी ताट ढकललं, तेव्हा ते म्हणाले, "काहून एवढी चिडतीस? चालून तर राहिलीस." मी म्हणाले, तुमचा एक हात अर्धा करते आणि मग विचारते. त्या दिवसापासून त्यांनी रोज सकाळी रबराचं एक टोक धरायला सुरुवात केली. रानात जायला उशीर झाला तरी धरून बसायचे.

सातव्या आठवड्यात अंगठा हलला. आम्ही दोघांनीही पाहिलं आणि दोघांनीही आधी विश्वास ठेवला नाही. आज पाऊल अर्ध्याच्या जरा वर येतं. डॉक्टर म्हणतात अजून थोडं येईल, बहुतेक पूर्ण नाही. मशीनला मोटर बसवली आहे, तिचं पायडल मी डाव्या पायाने दाबते. लाइट गेली की दुकान बंद.

लोक अजून येतात. मी लाथ मारत नाही. विचारते, दुखणं गुडघ्याच्या खाली उतरतं का, पायाला मुंग्या येतात का, लघवी कळते का, टाचांवर चालून दाखवा. यातलं काही असेल तर आजच्या आज डॉक्टर गाठा, नसेल तर चालत-फिरत राहा, घाबरू नका. एवढं चांगलं सांगूनही लोक नाराज होऊन जातात. पाय बिघडल्यावर बाईला भाव चढला, असं म्हणतात. काही जण सरळ बापूरावांकडे जातात.

रहीमचाचा

गेल्या महिन्यात आखाडा बाळापूरचे रहीमचाचा आले. ते कात्र्यांना धार लावतात. सायकलवर दगडी चाक बसवलेलं आहे, सायकल स्टँडवर उभी करून पायडल मारलं की ते फिरतं. वर्षातून दोन-तीनदा येतात, माझ्या कात्र्यांना धार लावतात आणि मी त्यांचं काही फाटलं-उसवलं असेल तर शिवून देते. आमचा असाच व्यवहार आहे.

त्यांनी पायजमा दिला. नेहमीसारखी उजव्या पायाची खालची कड गेलेली. सायकलची चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे चेनीत अडकत असेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी कड हातात घेतली आणि बघत राहिले. चेनीचं काळं तेल कुठेच नव्हतं. कड पुढून झिजलेली होती, जमिनीवर घासून. बाहेर पाहिलं, तर चाचा डाव्या पायाने पायडल मारत होते. उजवा पाय जमिनीवर ठेवलेला होता.

मी बाहेर गेले. "चाचा, कंबर कशी हाय?"

"एकदम बराबर, ताई. तुमी लाथ लावली तवापासून कंबरेची तकलीफच न्हाई. दोन बरस झाले. साऱ्या बाळापूरला तुमचं नाव सांगतो मी."

"आन् पाय?"

"पाय जरा सुन्न राहतो. ते उमरचं हाय."

"टाचांवर चालून दाखवा."

ते हसले, पण चालले. डावी टाच टिकली.

मी तिथेच, रस्त्यावर, त्यांना सांगितलं. तेव्हा कंबर बरी झाली नव्हती, शीर दबून पायाची ताकद गेली होती. तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी तुम्हाला तीन दिवसांत उतरंल म्हणून घरी पाठवलं. बोलताना माझा आवाज चढत होता, जशी काही चूक त्यांचीच होती.

चाचांनी हातातली कात्री सायकलच्या सीटवर ठेवली. "तुमाला तवा मालूम होतं का?"

"न्हाई."

"मंग?"

 त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता दाखवला तर येईल का वापस?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. "फार न्हाई येणार, चाचा. दोन वर्षं झाली. पण पायाला पट्टी देतेत, ठेचा लागणार न्हाईत. पडणार न्हाई तुमी. मी येते सोबत, गुरुवारी."

 चाचा "ठीक हाय" म्हणाले आणि उरलेल्या कात्रीला धार लावून दिली. कागदावर चालवून दाखवली, नेहमीसारखी.

मी आत येऊन पायजम्याची कड दुमडली. आतल्या बाजूला माझ्याच हाताच्या जुन्या टाक्यांच्या ओळी होत्या, एकीवर एक. मी मोजल्या. दोन वर्षांत मी ती कड पाच वेळा शिवली होती.